नकाराचे स्थान : अपुऱ्या माहितीवर पकडीची मर्यादा ठरविण्याचा एक इतिहास

१

'साठा घटत असल्याचा पुरावा नाही' आणि 'साठा घटत नसल्याचा पुरावा आहे' ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखीच लागतात. शब्द तेच, क्रमही बहुतांशी तोच; फक्त नकाराने आपली जागा बदललेली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ भासला, तरी अर्थाच्या दृष्टीने तो टोकाचा आहे. पहिले वाक्य आपल्या अज्ञानाविषयी बोलते, तर दुसरे जगाविषयी. व्यवहारात मात्र पहिले वाक्य उच्चारून दुसऱ्याचे फळ पदरात पाडून घेण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. विसाव्या शतकात समुद्रातील पकडीवर मर्यादा घालण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास पाहू लागले असता या प्रवृत्तीची किंमत किती मोठी होऊ शकते, याचा प्रत्यय येतो.

प्रस्तुत लेखक मत्स्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या क्षेत्रात पाऊल टाकावे, याचे कारण एवढेच की, ज्या प्रश्नाला सामान्यतः 'आकडेवारीच्या अभावाचा प्रश्न' असे म्हटले जाते, तो पुष्कळ अंशी विधानांच्या घडणीचा आणि पुराव्याच्या भाराचा प्रश्न आहे, असे त्याच्या वाचनात दिसून आले. आकडे अपुरे असताना माणसे कोणती वाक्ये रचतात, कोणत्या शब्दांचा आधार घेतात, आणि शेवटी कोणता नियम करतात, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू होय.

उदाहरण म्हणून अंटार्क्टिक समुद्रातील देवमाशांच्या शिकारीचा इतिहास येथे निवडला आहे. देवमासा हा मासा नव्हे, तो सस्तन प्राणी आहे, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. तथापि आपल्या भाषेने त्याला मासाच मानले आणि इंग्रजीनेही त्याच्या शिकारीला मासेमारीचाच शब्द लावला. या शब्दप्रयोगात एक व्यावहारिक सत्य दडलेले आहे. पाण्याखाली असलेले, मोजता न येणारे आणि कोणाच्याही मालकीचे नसलेले धन ओढून काढणे, एवढ्यापुरते हे दोन्ही व्यवसाय एकच. त्यामुळे एकात जे प्रयोग झाले ते दुसऱ्यास उपयोगी पडले. किंबहुना अपुऱ्या माहितीवर पकडीची मर्यादा कशी ठरवावी, याचा सर्वांत काटेकोर विचार देवमाशांच्या संदर्भातच झाला.

२

या कथेची पार्श्वभूमी एका विशेषणाने सुरू होते. १८८३ साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनाच्या उद्‌घाटनप्रसंगी टॉमस हक्सली या थोर जीवशास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग, मॅकरेल इत्यादी मोठ्या सागरी मासेमारी 'अक्षय' आहेत, आपल्या हातून त्या माशांच्या संख्येवर गंभीर परिणाम होणे नाही, असे मत मांडले. हक्सलीवर पुढे पुष्कळ टीका झाली. परंतु त्याला न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, त्याने हे विधान त्या काळच्या मासेमारीच्या पद्धतींपुरतेच केले होते, आणि नद्यांतील सामन किंवा किनाऱ्यालगतचे कालव यांना त्यातून वगळले होते. लोकांनी मात्र विशेषण उचलले आणि अटी मागे ठेवल्या. शास्त्रीय विधानांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, १९०० साली, वॉल्टर गारस्टँग याने इंग्लंडच्या समुद्रातील ट्रॉलर जहाजांची शक्ती आणि त्यांची पकड यांची तुलना प्रसिद्ध केली. शक्ती झपाट्याने वाढली होती, पकड मात्र त्या मानाने फारच थोडी वाढली होती. याचा अर्थ प्रत्येक जहाजाच्या वाट्याला येणारा मासा कमी होत चालला होता. १९०२ साली कोपनहेगन येथे समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातील मासेमारी बव्हंशी थांबली आणि युद्धानंतर जाळी पुन्हा टाकली तेव्हा मोठे व पुष्कळ मासे मिळाले. कोणीही न योजलेला हा एक प्रचंड प्रयोगच होता. १९३१ साली ई. एस. रसेल याने साठ्याचा हिशेब एका साध्या समीकरणात मांडला : या वर्षीचा साठा, त्यात नव्याने भरती होणारे मासे आणि असलेल्यांची वाढ मिळवावी, त्यातून नैसर्गिक मृत्यू आणि पकड वजा करावी, म्हणजे पुढील वर्षीचा साठा मिळतो. पकड जर भरती व वाढ यांतून नैसर्गिक मृत्यू वजा जाता उरणाऱ्या शिलकेएवढीच ठेवली, तर साठा स्थिर राहतो.

येथे एका भाषिक गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. साठा, उत्पन्न, शिल्लक, मुद्दल, व्याज ही सारी परिभाषा सावकाराच्या पेढीवरची आहे. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगावे, ही कल्पना कोणालाही चटकन पटते. परंतु सावकाराला आपले मुद्दल किती हे वहीत पाहून सांगता येते. समुद्राच्या बाबतीत मुद्दलही ठाऊक नसते आणि व्याजाचा दरही ठाऊक नसतो. ठाऊक असते ती फक्त काढून घेतलेली रक्कम, आणि तीही खातेदार सांगेल तेवढीच. रूपकाने समज वाढली हे खरे. पण त्याबरोबर आपल्याजवळ वही असल्याचा एक खोटा विश्वासही त्याने दिला.

३

अंटार्क्टिकमधील आधुनिक शिकार १९०४ साली सुरू झाली. त्या वर्षी दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथे सी. ए. लार्सेन या नॉर्वेजियन कप्तानाने पहिले केंद्र उभारले. नॉर्वेच्याच स्वेन फॉइन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनविलेली स्फोटक हार्पूनची तोफ आणि वाफेवर चालणारे शिकारी जहाज यांमुळे अतिवेगवान निळा देवमासाही आता माणसाच्या टप्प्यात आला होता. १९२५ साली पिछाडीला उतार असलेले, संपूर्ण धूड वर ओढून घेणारे कारखाना-जहाज कामास लागले, आणि शिकाऱ्याला किनाऱ्याची गरजच उरली नाही. या तेलापासून मार्गारिन व साबण बनत असे. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकमध्ये २९,००० हून अधिक निळे देवमासे मारले गेले. १९३७-३८ च्या हंगामात सर्व जाती मिळून हा आकडा सुमारे ४६,००० वर गेला.

शिकारीचे आकडे मात्र जमविले जात होते. नॉर्वेतील सँडेफ्योर्ड येथे त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालयच १९३० च्या सुमारास उघडण्यात आले. ब्रिटनने 'डिस्कव्हरी' या नावाने ओळखली जाणारी संशोधनमोहीम १९२५ मध्ये सुरू केली; देवमाशांच्या शरीरात खुणेची नळी मारून ती पुढे कोठे सापडते ते पाहणे, हा तिच्या कामाचा एक भाग होता. म्हणजे माहिती अगदीच नव्हती असे नाही. किती मारले हे ठाऊक होते. किती उरले हे ठाऊक नव्हते.

अशा स्थितीत १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, लंडनच्या परिषदेत संपूर्ण अंटार्क्टिकसाठी एका हंगामाची मर्यादा ठरविण्यात आली : १६,००० 'निळे देवमासा-एकक'. हा आकडा कोणत्याही साठ्याच्या मोजणीतून आला नव्हता. युद्धपूर्व हंगामांतील पकडीच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढा तो होता. जाणत्या माणसांनी अनुभवाने बांधलेला तो अंदाज होता, आणि कच्च्या माहितीवर पहिला अंदाज असाच बांधावा लागतो. त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. दोष पुढे घडला. २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यान्वये स्थापन झालेल्या आयोगाची पहिली बैठक १९४९ मध्ये भरली, आणि तात्पुरता म्हणून घेतलेला तो आकडा जवळजवळ जसाच्या तसा दीड दशक टिकून राहिला. अंदाज हा अंदाज म्हणून नोंदला गेला नाही; तो 'मर्यादा' म्हणून नोंदला गेला, आणि मर्यादेला एकदा पद मिळाले की ती बदलू इच्छिणाऱ्यावर पुराव्याचा भार येतो.

४

'एकक' या शब्दाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई देवमासे, असे समीकरण होते. ते तेलाच्या उताऱ्यावर बेतलेले होते. तेलाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते निर्दोष होते. परंतु ज्या साठ्याचे रक्षण करावयाचे, त्याच्या दृष्टीने ते निरर्थक होते. कारण निळा देवमासा व सेई देवमासा यांची प्रजा एकमेकांत मिसळत नाही. एकाची तूट दुसऱ्याने भरून निघत नाही.

मर्यादा एककांत असल्यामुळे शिकाऱ्याने कोणती जात मारावी हे त्याच्या सोयीवर राहिले. निळा दिसला की तो मारावयाचा, कारण एका गोळ्यात पूर्ण एकक मिळते. न दिसल्यास फिनकडे वळावयाचे. निळा दुर्मिळ होत गेला तरी एककांची बेरीज पुरी होतच राहिली. १९५०-५१ मध्ये निळ्या देवमाशांची अंटार्क्टिकमधील पकड सुमारे ७,००० होती. १९६२-६३ पर्यंत ती हजाराच्या आत आली. या अवधीत फिन देवमाशांची पकड वर्षाला २५,००० च्या पुढे जात होती. एकूण आकडा शांत होता. त्याच्या पोटात एक जात नाहीशी होत होती. वेगवेगळ्या वस्तूंना एका नामाखाली आणणारा शब्द हिशेबाला सोयीचा असतो, आणि म्हणूनच तो धोक्याचाही असतो.

यात आणखी एका कलमाची भर पडली. कारखाना-जहाजांची संख्या मर्यादित करता येणार नाही आणि मर्यादेचे देशवार वाटपही करता येणार नाही, असे १९४६ च्या करारातच म्हटलेले होते. परिणाम असा झाला की, हंगाम उघडताच सर्व देशांची जहाजे धावत सुटत. प्रत्येक जहाजाने आपली पकड सँडेफ्योर्डला कळवावयाची, आणि बेरीज मर्यादेजवळ आली की कार्यालयाने हंगाम बंद झाल्याचे जाहीर करावयाचे. लोक याला 'देवमाशांचे ऑलिंपिक' म्हणू लागले. युद्धानंतर लगेच चार महिन्यांच्या आसपास चालणारा हंगाम पाच-सहा वर्षांत दोन महिन्यांवर आला. अधिक वेगवान, अधिक शक्तिमान जहाजे बांधणे प्रत्येकाला भाग पडले. आणि त्या जहाजांचे कर्ज फेडावयाचे असल्याने मर्यादा कमी करण्यास प्रत्येकाचा विरोध वाढत गेला. देशांनी आपापले हिस्से ठरविले ते १९६२ मध्ये, म्हणजे वाटण्यासारखे फारसे उरले नव्हते तेव्हा.

५

आयोगाच्या शास्त्रीय समितीला हे दिसत नव्हते असे नाही. १९५० नंतरच्या दशकात फिन देवमाशांचा साठा घटत असल्याचा इशारा तिच्यातील बहुसंख्य सभासद देत होते. परंतु त्या इशाऱ्याला उत्तर तयार असे : हे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. डच प्राणिशास्त्रज्ञ ई. जे. स्लेपर यांनी ही भूमिका सर्वांत आग्रहाने मांडली. त्यांच्या शंका पोरकट नव्हत्या. प्रत्येक शंकेला शास्त्रीय आधार होता. या कठीण प्रसंगाची खरी गुंतागुंत येथेच आहे.

उदाहरणार्थ, शिकारी जहाजाच्या एका दिवसाच्या कामामागे किती देवमासे मिळतात, हे साठ्याचे मोजमाप मानले जाई. पण जहाज दरवर्षी अधिक शक्तिशाली होत असेल, पाण्याखालचा ध्वनी टिपणारी यंत्रे येत असतील, तर हा आकडा स्थिर राहूनही साठा घटत असू शकतो. उलट हवामान खराब असेल, तर साठा न घटताही आकडा उतरतो. दुसरे उदाहरण वयाचे. १९५५ मध्ये असे लक्षात आले की, देवमाशाच्या कानातील मेणासारख्या गुडदीत झाडाच्या खोडाप्रमाणे थर असतात. वय मोजण्याची किल्ली हाती लागली असे वाटले. पण वर्षाला थर एक साठतो की दोन, यावर वाद सुरू झाला. हा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि वर्षाला एकच थर असेल, तर देवमासा समजला होता त्याच्या दुप्पट वयाचा ठरतो, म्हणजे तो सावकाश मरतो व साठ्याची उलाढाल मंद असते, आणि त्यातून सुरक्षितपणे काढता येणारी पकड बरीच कमी भरते. अखेर एका वर्षाला एक थर हाच अर्थ स्थिर झाला. पण तो होईपर्यंत १९६० नंतरच्या दशकाचा बराच भाग सरला होता.

अशा वादात 'सिद्ध झालेले नाही' हे वाक्य नेहमीच खरे असते. ते खरे असूनही त्याच्यावरून काढलेला 'म्हणून मर्यादा आहे तशी राहू द्यावी' हा निष्कर्ष मात्र त्या वाक्यातून निघत नाही. निबंधाच्या आरंभी सांगितलेली नकाराची जागा येथे गुपचूप बदलली जाते. शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न शास्त्राचा नाही. पण तो शास्त्राच्या भाषेत विचारला गेला, आणि उत्तर दरवर्षी शिकाऱ्याच्या बाजूने लागले. भरीस भर म्हणजे, कोणत्याही देशाने नव्वद दिवसांच्या आत हरकत नोंदविली की तो निर्णय त्या देशावर बंधनकारक राहत नसे. १९५९ मध्ये तर नॉर्वे व नेदरलँड्स हे देश आयोगातून काही काळ बाहेरच पडले.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी आयोगाने १९६० मध्ये तीन शास्त्रज्ञांची समिती नेमली. डग्लस चॅपमन, के. आर. ॲलन व सिडनी होल्ट हे तिचे सभासद; जे. ए. गुलंड पुढे त्यांस येऊन मिळाले. हे चौघेही देवमाशांचे तज्ज्ञ नव्हते. माशांच्या साठ्यांचे गणित करणारे होते, आणि ज्या देशांची जहाजे अंटार्क्टिकमध्ये शिकार करीत होती त्यांपैकी कोणाचे नसावेत, अशा अटीवर मूळचे तिघे निवडले गेले होते. १९६३ मध्ये त्यांनी अहवाल दिला. निळा व हंपबॅक यांची शिकार पूर्ण थांबवावी, फिनची पकड एकदम खाली आणावी, आणि एकक ही पद्धतच मोडीत काढावी, असे त्यांचे सांगणे होते. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि पटवून देण्याच्या दृष्टीने तीच सर्वांत परिणामकारक ठरली. मर्यादा बदलली नाही तर येत्या हंगामात सुमारे १४,००० फिन देवमासेच मिळतील, असे भाकीत त्यांनी केले. १९६३-६४ चा हंगाम १०,००० एककांच्या मर्यादेने चालला, आणि फिनची पकड त्या भाकिताच्या अगदी जवळ आली. पुढील हंगामात मर्यादेवर एकमत झाले नाही. देशांनी आपसात ८,००० एकके ठरविली, आणि तेवढीही त्यांना मिळाली नाहीत. मर्यादेपेक्षा समुद्रच अपुरा पडला. १९६५-६६ साठी मर्यादा ४,५०० वर आली. एकक-पद्धत संपुष्टात आली ती १९७२ मध्ये.

६

या साऱ्या वादात एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती : मारल्याची संख्या तरी खरी आहे. १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ते गृहीतही मोडून टाकले. सोव्हिएट जहाजांनी दशकानुदशके संरक्षित जातींची शिकार केली होती आणि आयोगाला खोटे आकडे पाठविले होते. दक्षिण गोलार्धातील हंपबॅक देवमाशांची युद्धोत्तर सोव्हिएट पकड कागदोपत्री २,७१० होती. जहाजांवरील शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या मूळ नोंदींवरून ती ४८,००० हून अधिक निघाली.

याचा अर्थ असा की, ज्या गणितज्ञांनी प्रामाणिकपणे समीकरणे मांडली, त्यांच्या समीकरणांत वजाबाकीची रकमच खोटी होती. अपुरी माहिती आणि खोटी माहिती यांत फरक आहे. अपुऱ्या माहितीला आपली उणीव सांगता येते. खोटी माहिती पूर्ण असल्याचा आव आणते. म्हणून पकडीची मर्यादा घालणाऱ्या कोणत्याही पद्धतीची खरी कसोटी तिच्या आकड्यांची नेमकेपणा ही नसून, आकडे चुकीचे निघाले तर ती किती नुकसान होऊ देते, ही होय.

नुकसान किती झाले, याचा हिशेब पुढे मांडला गेला. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात ३,६०,००० च्या आसपास निळे देवमासे मारले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अंटार्क्टिकमधील निळ्या देवमाशांची मूळ संख्या सुमारे २,३९,००० असावी आणि १९७३ च्या सुमारास ती ३६० च्या आसपास, म्हणजे मूळच्या ०.१५ टक्क्यापर्यंत, उतरली असावी. त्यानंतर ती हळूहळू वाढत आहे.

७

१९७२ च्या स्टॉकहोम येथील राष्ट्रसंघाच्या परिषदेने दहा वर्षांच्या शिकारबंदीची शिफारस केली. आयोगाने तिच्याऐवजी १९७४ मध्ये एक नवी पद्धती स्वीकारली : प्रत्येक साठ्याचे वर्गीकरण करावे, आणि जो साठा कमाल उत्पन्न देणाऱ्या पातळीच्या ठराविक प्रमाणात खाली गेला असेल त्याला संपूर्ण संरक्षण द्यावे. कागदावर ही पद्धती उत्तम होती. पण ती चालविण्यासाठी मूळ साठा, नैसर्गिक मृत्यूचे प्रमाण, कमाल उत्पन्न हे सारे ठाऊक असणे जरूर होते, आणि नेमके तेच ठाऊक नव्हते. नियम कडक होता. पण तो अज्ञात संख्यांवर बांधलेला होता. प्रत्येक वर्षी वाद पुन्हा त्याच संख्यांवर येऊन थांबे. अखेर १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकारीवर सर्वंकष स्थगिती मंजूर केली आणि ती १९८५-८६ पासून अमलात आली. त्याआधी, १९७९ मध्ये, हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र म्हणून जाहीर झाला होता. १९८१ मध्ये भारत आयोगाचा सभासद झाला.

स्थगितीच्या छायेत एक वेगळाच बौद्धिक उद्योग चालू झाला. शास्त्रज्ञांच्या पाच गटांनी मर्यादा ठरविण्याचे पाच प्रतिस्पर्धी नियम तयार केले, आणि ते समुद्रावर नव्हे तर संगणकात बनविलेल्या कल्पित साठ्यांवर तपासले. कल्पित साठ्याची खरी संख्या परीक्षकाला ठाऊक असते. नियमाला मात्र ती सांगितली जात नाही. त्याला फक्त अपुरे, डागाळलेले, प्रसंगी मुद्दाम बिघडविलेले आकडे दिले जातात : पकड निम्मीच नोंदली आहे, मोजणी एका बाजूला झुकलेली आहे, साठ्याचे विभाग चुकीचे पाडले आहेत. अशा शंभर वर्षांच्या कल्पित इतिहासातून जो नियम साठा वाचवतो आणि तरीही काही पकड देतो, तो खरा. यातून जस्टिन कुक याचा नियम निवडला गेला आणि १९९४ मध्ये आयोगाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली. व्यापारी शिकारीसाठी आयोगाने तो प्रत्यक्षात लागू केला नाही; तरीही विचाराच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे.

या नियमाला केवळ दोनच प्रकारची माहिती लागते : आजवरची पकड, आणि जहाजावरून केलेल्या मोजणीने मिळणारी संख्या, तिच्या अचूकतेच्या अंदाजासह. वय, जननदर, मृत्यूचे प्रमाण यांवर तो अवलंबून नाही; जे वादग्रस्त आहे ते त्याने बाहेरच ठेवले. साठा मूळच्या ५४ टक्क्यांखाली आहे असे दिसल्यास पकड शून्य. मोजणी जितकी ढोबळ, तितकी मर्यादा खाली. कारण संभाव्य आकड्यांपैकी मध्यबिंदूच्या खालचा आकडा तो निवडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवी मोजणी न करता काही वर्षे उलटली, तर मर्यादा आपोआप टप्प्याटप्प्याने शून्याकडे जाते.

या शेवटच्या तरतुदीत पुराव्याचा भार पुरता उलटला आहे. १९५० नंतरच्या दशकात अज्ञान शिकाऱ्याच्या फायद्याचे होते. मोजणी जितकी कमी, तितका वाद अधिक आणि पकड तितकी सुरक्षित. या नियमात अज्ञानाची किंमत शिकाऱ्याला मोजावी लागते. त्यामुळे मोजणी करण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ निर्माण होतो. नकाराचे स्थान व्याकरणात नव्हे, नियमात बदलले गेले.

८

हाच पालट पुढे माशांच्या बाबतीतही घडला. पुरेशी शास्त्रीय माहिती नाही, हे संरक्षणाचे उपाय पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही, असे तत्त्व १९९५ च्या राष्ट्रसंघाच्या मत्स्यसाठा करारात स्पष्ट शब्दांत आले. कोपनहेगनच्या परिषदेने २०१२ पासून अल्पमाहितीच्या साठ्यांची वेगळी वर्गवारी केली. अशा काही साठ्यांसाठी तिने वापरलेला नियम विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखा आहे : गेल्या दोन वर्षांतील पाहणीची सरासरी त्यामागील तीन वर्षांच्या सरासरीने भागावी, त्या प्रमाणात मर्यादा वरखाली करावी, एका वेळी वीस टक्क्यांहून अधिक बदल करू नये, आणि साठ्याची स्थिती अज्ञात असल्यास सावधगिरी म्हणून आणखी वीस टक्के कापावेत. साठा किती आहे याचे उत्तर हा नियम देत नाही. तो केवळ दिशा विचारतो आणि पावले लहान ठेवतो.

आपल्या किनाऱ्याशी याचा संबंध काय, असा प्रश्न वाचक विचारतील. आपल्याकडे एका जाळ्यात अनेक जाती येतात, हजारो होड्या असंख्य बंदरांवर मासळी उतरवितात. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था निवडक बंदरांवर निवडक दिवशी नमुने घेऊन उतरलेल्या मासळीचा अंदाज करते. एवढ्या विस्तीर्ण किनाऱ्यावर याहून वेगळे काही शक्यही नाही. अशा ठिकाणी प्रत्येक जातीची टनांतील मर्यादा ठरविणे हे एकक-पद्धतीइतकेच फसवे ठरेल. म्हणूनच येथे मर्यादेने वेगळे रूप घेतले आहे. पावसाळ्यातील मासेमारीबंदी हे एक रूप. समुद्र शांत झाल्यावर नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटण्याची कोळ्यांची प्रथा त्याच्याशी जुळणारी आहे. विकावयाच्या माशाची किमान लांबी हे दुसरे रूप. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी ती ठरविली. साठा किती हे ठाऊक नसले तरी, मासा एकदा तरी वीण करू शकेल एवढा वाढू द्यावा, हे सांगण्यास लांबी मोजण्याची पट्टी पुरते.

मोठ्या पापलेटाला आपल्याकडे 'सरंगा' असे वेगळे नाव आहे. आकारानुसार नाव बदलते, म्हणजे आकाराचे भान भाषेत आधीपासूनच आहे. बाजारात एखादे नाव हळूहळू कमी ऐकू येऊ लागले, तर तीही एक मोजणीच आहे. ढोबळ, पण खोटी नव्हे. अशा शब्दांची पद्धतशीर नोंद करणे हे काम आपल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे, आणि ज्या ठिकाणी जुने आकडे नाहीत त्या ठिकाणी वृद्ध कोळ्यांच्या तोंडची नावे हाच उरलेला दप्तरखाना असतो.

९

शेवटी परिभाषेविषयी दोन शब्द. 'सस्टेनेबल' या विशेषणाला मराठीत 'शाश्वत' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो आता बदलणे कठीण. पण त्यातील अर्थच्छटेचे भान ठेवणे अवश्य आहे. शाश्वत म्हणजे जे सर्वकाळ असतेच ते. त्याला कोणाच्या प्रयत्नाची अट नाही. मूळ शब्दात मात्र 'पेलून धरणे', 'तोलून धरणे' हा भाव आहे. धरणाऱ्याने हात सोडला की ते पडते. 'शाश्वत पकड' असे म्हणताना आपण नकळत हक्सलीच्या 'अक्षय' या विशेषणाकडेच परत जातो आणि अटी पुन्हा मागे ठेवतो. 'पेलण्याजोगी पकड' हे रूप कदाचित ओबडधोबड वाटेल, परंतु ते लगेच एक प्रश्न उपस्थित करते : कोणाला पेलण्याजोगी, आणि ते कोणी पाहिले?

१९४४ साली १६,००० हा आकडा ठरविणाऱ्यांपाशी आजच्यासारखी साधने नव्हती. त्यांचा अंदाज चुकला, यात नवल नाही. अंदाज चुकेल तेव्हा काय करावयाचे, हे त्यांनी अंदाज करतानाच ठरविले नाही, ही खरी चूक होती. माहिती अपुरी असणे ही समुद्राच्या बाबतीत अपवादात्मक अवस्था नसून नित्याची अवस्था आहे. म्हणून जो नियम आपल्या अज्ञानाचा उल्लेख आपल्याच वाक्यात करतो आणि त्या अज्ञानाचा भार घेणाऱ्याच्या खांद्यावर ठेवतो, तोच विश्वासास पात्र समजावा.